कणसरीची माणसे



इंकांचा राजा सोन्याने मढविलेल्या अवजाराने हंगामाचे पहिले ढेकूळ उकरी, आणि आंदीज पर्वतातला शेतकरी आजही पेयाचा पहिला घोट धरणीमातेला देतो, हे वाचून आपल्याला नवल वाटते. ते पाहायला समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. नाशकाहून त्र्यंबक, पुढे घाटापलीकडे हरसूल. तेथील कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्या पाड्यांवर जावे. तिथेही धार आधी भुईवर पडते, मग ओठाला लागते.

यांची अन्नदेवता कणसरी. ती मूर्तीत नाही, नागली-वरई-भाताच्या कणसांत आहे. म्हणून धान्याला पाय लावायचा नाही, आणि नवे पीक तिला दाखविल्यावाचून चाखायचे नाही. पावसाळ्यातली रानभाजीसुद्धा देवाला दाखवूनच शिजते. कोवळ्या पाल्याला वाढायला चार दिवस मिळतात ते यामुळेच, असे मला वाटते.

यांची शेती राबाची. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, फांद्या रोपाच्या जागेवर पसरून जाळतात. तणाचे बी मरते, राखेचे खत होते. पहिल्या पावसाबरोबर त्यात नागली पेरायची आणि तीनेक आठवड्यांनी रोपे उपटून उतारावरच्या वरकस जमिनीत लावायची. राबासाठी झाडे खरडली जातात, हा दोष खरा. पण ज्या उतारावर नांगर धड उभा राहत नाही, तिथे हीच युक्ती माणसे जगवीत आली.

आपण वसुबारसेला गाय-वासरू पूजतो, हे लोक त्याच दिवशी वाघदेवाला पूजतात. गुराख्याला मर्जी कोणाची सांभाळायची, हे पक्के ठाऊक! पुढे पिके घरात आली की मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव, पावरीचे सूर, रात्र-रात्र नाच.

आता गंमत पाहा. २०२३ साल जगाने भरडधान्यांचे म्हणून पाळले. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळाच्या कितीतरी पट, हे ऐकून शहरात तिची बिस्किटे खपू लागली. इकडे डोंगरात मात्र नागलीची वावरे कमी होत आली. कष्ट फार, भाव थोडा आणि तांदूळ-गहू रेशनवर मिळतो. पोट भरणाऱ्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? पण रेशनच्या धान्याला हंगाम नसतो. ज्या घरी नागली लावलीच नाही, त्या घरच्या म्हातारीने नवे म्हणून कणसरीपुढे काय ठेवायचे?