पावातला भाडेकरू

कांजूरमार्गला पहाटे स्टेशनची वाट धरली की बेकरीतल्या ताज्या पावाचा वास येतो. पावाचे पीठ फुगवणारे यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. तिच्या गुणसूत्रांत एक जुना भाडेकरू राहतो, डीएनएचाच एक तुकडा. शास्त्रज्ञ त्याला टीवाय-१ म्हणतात. तो मूळ जागा सोडत नाही, पण आपली नक्कल दुसरीकडे बसवतो.

आधी पेशी त्याची आरएनए प्रत काढते. मग तीन विकरे, म्हणजे एन्झाइम, कामाला लागतात. प्रोटिएज प्रथिनांची लांब साखळी कापून बाकीच्या दोघांना मोकळे करते. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आरएनए वाचून पुन्हा डीएनए लिहिते. इंटिग्रेज तो डीएनए गुणसूत्रात सांधते.

आरएनएवरून डीएनए ही उलटी वाट १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी विषाणूंत दाखवली. यीस्टमधला पुरावा १९८५ मध्ये जेफ बोके, जेराल्ड फिंक आणि सहकाऱ्यांनी दिला. त्यांनी टीवाय-१ मध्ये असा एक तुकडा घातला, जो पेशी फक्त आरएनएमधूनच कापून टाकते. नव्या नकलांत तो तुकडा नव्हता. नक्कल आरएनएच्या वाटेनेच आली होती!

इंटिग्रेज बसण्याची जागाही बेताने धरते. यीस्टची जनुके दाटीवाटीने असतात. कुठेही घुसले तर घर मोडेल आणि भाडेकरूही जाईल. म्हणून टीवाय-१ बहुधा टीआरएनए जनुकांच्या शेजारी, जिथे नुकसान कमी, तिथे बसतो.

हीच तीन प्रकारची विकरे एचआयव्हीकडेही आहेत. फरक असा, की टीवाय-१ पेशीबाहेर पडून संसर्ग करत नाही, एचआयव्ही करतो. त्यावरची बरीच औषधे या तिघांनाच अडवतात : १९८७ चे झिडोव्हुडिन रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला, १९९५ चे साक्विनाव्हिर प्रोटिएजला, २००७ चे राल्टेग्राव्हिर इंटिग्रेजला. भारत सरकारने एप्रिल २००४ पासून एचआयव्हीची औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. औषध नवी नक्कल थांबवते. गुणसूत्रात एकदा सांधलेली नक्कल ते उपटून काढत नाही. ती गप्प बसून राहते आणि औषध थांबले की पुन्हा जागी होते. म्हणून आपल्या ओळखीचे कुणी 'आता बरे वाटते, गोळ्या कशाला?' असे म्हणाले, तर त्यांना एवढे जरूर सांगा : बरे वाटते आहे, ते रोजच्या गोळीमुळेच.