गिटारनं सोडलेली जागा

आमच्या खुटबावसारख्या गावातही आता पेटी-ढोलकीच्या जोडीला गिटार दिसते. पोरं वाजवतात छान. पण गिटार घुमू लागली की गाणाऱ्याचे शब्द बुडतात. सप्ताहातला अभंग असो की उरसातली कव्वाली, लोक येतात ते शब्दांसाठी.

यावर उपाय आहे. पायाशी ठेवायची एक डबी मिळते, इक्वलायझर पेडल. तिच्यावर बहुधा सात सरकती बटणं असतात: 100 हर्ट्‌झपासून दुपटीदुपटीनं 6400पर्यंत. डावीकडे खर्ज, उजवीकडे तार.

नवखा सगळी बटणं वर सरकवतो. त्यानं नुसता आवाज वाढतो, सूर होता तसाच राहतो. जाणता आधी उतरवतो. 200 जरा खाली आणलं की घुमणं कमी होतं. व्यंजनांची स्पष्टता बरीचशी 2000 ते 4000 हर्ट्‌झमध्ये असते. म्हणून 3200चं बटण थोडं उतरवलं, की गाणाऱ्याला जागा मिळते.

कविता लिहिताना मीही हेच करतो. एक विशेषण खोडलं, की शेजारचा शब्द ऐकू येतो.

आणि पोरांनो, बटणं एकट्या गिटारवर लावू नका. गाणाऱ्याला गायला सांगा, मग लावा.