नंदादेवीचे माहेर आणि माहेरची माणसे



गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. गुरुजी या शाळेत भूगोल शिकवीत. मी आयुष्यभर मराठी शिकविले. आजचा विषय मी त्यांच्या प्रांतातला घेतला आहे, परंतु त्यात भाषेच्या दारानेच शिरणार आहे. हिमनद्यांनी घडविलेल्या उंच प्रदेशात माणसे जमीन कशी वापरतात आणि तिच्यावरून तंटे का उभे राहतात, हा तो विषय होय. त्यासाठी मी गढवालातील एकच खोरे निवडले आहे.

आपल्या इंदूरला बदरीनाथची वाट परकी नाही. यात्रेकरूंच्या सोयीसाठी अहिल्यादेवींनी तेथवर हात पोहोचविला होता. त्या वाटेवरील जोशीमठापासून धौलीगंगेच्या कडेने नीती घाटाकडे वळले की रेणी आणि लाता ही गावे लागतात. रेणीजवळ ऋषिगंगा धौलीगंगेला मिळते. ७,८१६ मीटर उंचीच्या नंदादेवी शिखराभोवतालच्या हिमनद्यांचे पाणी ती घेऊन येते. गढवालात नंदा ही देवी आहेच, पण त्याआधी ती गावाची लेक आहे. तिला वाजतगाजत कैलासाकडे, सासरी पोचविण्याची मोठी यात्रा २०१४ साली निघाली होती. ज्येष्ठागौरीला माहेरवाशीण मानून घरात घेणाऱ्या मराठी माणसाला हे नाते निराळे समजावून सांगावे लागत नाही.

हिमनदी डोंगर खरवडते, दरी रुंद व उभ्या भिंतींची करते आणि वाहून आणलेला दगडमातीचा राडा मागे टाकून जाते. भूगोलाच्या पुस्तकात त्याला हिमोढ म्हणतात. अशा मुलखात सपाट जमीन फार थोडी. जी असते ती बहुधा हिमोढाची अथवा जुन्या दरडीची, म्हणजे मुळातच सैल. त्यावरच शेत, त्यावरच घर. झाडांच्या रेषेवर उन्हाळ्यापुरती हिरवी होणारी कुरणे असतात, त्यांना तेथे बुग्याल म्हणतात. नदीला उतार प्रचंड असल्याने वीजही तेथेच काढावीशी वाटते. थोडक्या जागेवर अनेकांचा डोळा, हे या प्रदेशातील संघर्षाचे मूळ आहे.

या खोऱ्यातील भोटिया लोक ऋतूबरोबर चढत आणि उतरत. त्यांची मेंढरे बुग्यालात चरत, आणि तिबेटशी त्यांचा धान्याच्या बदल्यात मीठ व लोकर असा व्यापार चाले. १९६२ च्या युद्धाने तो व्यापार संपला. सीमा बंद झाली, रस्ते आले, आणि रस्त्यांमागून जंगलाचे ठेकेदार आले.

पुढचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. २६ मार्च १९७४ रोजी लष्करासाठी घेतलेल्या जमिनीची भरपाई मिळणार म्हणून रेणीचे पुरुष चमोलीस गेले होते. त्याच दिवशी झाडे तोडणारे मजूर आले. गौरादेवी आणि गावातील सुमारे सत्तावीस स्त्रिया त्यांच्या आड उभ्या राहिल्या. हे जंगल आमचे माहेर आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने समिती नेमली आणि तिच्या अहवालानंतर त्या परिसरात दहा वर्षे वृक्षतोडीला बंदी झाली. 'चिपको' जगभर गेले.

परंतु गावाचे काय झाले, ही कथा फारशी सांगितली जात नाही. १९७४ मध्येच हे खोरे परदेशी गिर्यारोहकांना खुले झाले होते. लातासारख्या गावांतील तरुणांना भारवाहकाचे काम मिळे. पण मोहिमांचा कचरा साठला, झुडपे जळणासाठी गेली. १९८२ साली तेथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि अंतर्भाग सर्वांना बंद झाला. १९८८ साली तो जागतिक वारसा ठरला. बंदीचा निसर्गाला लाभ झाला, हे नाकारता येणार नाही. १९९३ साली आत गेलेल्या वैज्ञानिकांना वनस्पती सावरत असल्याचे दिसले. पण त्याच बंदीने मेंढपाळांची कुरणे गेली, औषधी मुळ्यांवरचा हक्क गेला आणि भारवाहकाची मजुरीही गेली. ज्यांनी जंगल राखले, त्यांनाच जंगलाबाहेर उभे केले गेले. १९९८ साली लाताच्या ग्रामस्थांनी बंद क्षेत्रात शिरून आपला हक्क सांगितला, तेव्हा कोठे पुढे मर्यादित प्रवेशाची वाट निघाली.

एकीकडे निसर्गासाठी मेंढीला वाट बंद झाली. दुसरीकडे त्याच ऋषिगंगेवर, रेणीपाशी, १३.२ मेगावॉटचा वीजप्रकल्प उभा राहिला आणि खाली तपोवनाला ५२० मेगावॉटच्या प्रकल्पाचे काम चालू झाले. ग्रामस्थ २०१९ साली उच्च न्यायालयात गेले होते. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी रोंती शिखराच्या उतारावरून सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ कोसळले. रेणीचा प्रकल्प नाहीसा झाला, तपोवनाचे बोगदे गाळाने भरले, आणि दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. कडा धरणामुळे कोसळला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण कड्याखाली शेकडो मजूर कामाला होते, हा माणसांचा निर्णय होता. त्याच वर्षी जुलैमध्ये प्रकल्पांविरुद्धची नवी याचिका न्यायालयाने फेटाळली आणि अर्जदारांना दंड केला. रेणी गावाखालची जमीन खचू लागली होती. गौरादेवींचा पुतळाही तेथून हलवावा लागला. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठाच्या घरांना तडे गेले. ते नगर जुन्या दरडीच्या राड्यावर वसले असून तेथे अवजड बांधकाम करू नये, असे मिश्रा समितीने १९७६ सालीच सांगितले होते.

भाषेचा विद्यार्थी म्हणून मला यात एक गोष्ट जाणवते. एकाच भूमीला मेंढपाळ बुग्याल म्हणतो, वनखाते गाभा क्षेत्र म्हणते, अभियंता प्रकल्पस्थळ म्हणतो आणि रेणीची बाई माहेर म्हणते. चारही नावांत काही सत्य आहे. परंतु ज्याचे नाव कागदावर चढते, त्याच्या ताब्यात जमीन जाते. आणि 'माहेर' हा शब्द आजवर कोणत्याही सातबाऱ्यावर चढलेला नाही. आपल्याकडील 'गायरान' हा शब्द मात्र दप्तरात टिकला, म्हणून गावाला निदान भांडता तरी येते. शब्द गेला की हक्काचा पुरावाही जातो.

डोंगर बंद करावा की खुला करावा, याचे एकच उत्तर मी देणार नाही. तो माझा अधिकारही नव्हे. मात्र निर्णय कोणत्याही बाजूचा असो, दरड कोसळल्यावर जो तेथेच राहणार आहे त्याचे म्हणणे आधी ऐकले जावे आणि ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतले जावे, एवढी मागणी अवाजवी नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या आपणांस, आपला शब्द दप्तरात नसण्याचे मोल काय असते, हे ठाऊक आहेच.