सुई न धरणारांचे काम
(वाकळा शिवण्यास जमलेल्या मंडळींपुढील भाषण)

टाका येत नाही म्हणून घरी बसणारांशीच मला बोलावयाचे आहे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा सांगलीत शिरली. गोरगरिबांची अंथरुणे चिखलात गेली. अशा घरी वाकळ द्यावयाची तर टाका हे निम्मेच काम. जुनी लुगडी-धोतरे मागून आणणे, धुऊन कडक उन्हात वाळविणे, काठ उसवणे, थर ताणून धरणे, नजर गेलेल्या म्हातारीस सुई ओवून देणे, हे कोणाही गड्यास येते. गड्यांस लाज वाटते म्हणे! अहो, नामदेव महाराज शिंपीच ना? साताऱ्यात बोर्डिंगच्या पोरांसाठी लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्रही दिले. आपण एक सकाळ द्यावी. वाकळ देताना मात्र जात पुसू नका. रविवारी येताना सुई नको, एक धुतलेले लुगडे आणा.