४१२८ हा आकडा वाचताना



अध्यक्षपदावरून मी आज एका रकान्याबद्दल बोलणार आहे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या सुरक्षा-ऑडिटसाठी आपण संगणक-खात्यांची यादी एक्सेलमध्ये काढतो, तिच्यातला स्टेटसचा रकाना. एनेबल्ड म्हणजे ठीक, डिसेबल्ड म्हणजे कचरा, असा निकाल आपण फार लवकर देतो. तो रकाना एवढंच सांगतो की या खात्यानं लॉगिन करायला मज्जाव आहे की नाही.

संगणकालाही खातं आणि पासवर्ड असतो, हे २०२० साली झिरोलॉगॉन त्रुटीनं सगळ्या जगाला शिकवलं. त्या हल्ल्यात थेट डोमेन कंट्रोलरच्या संगणक-खात्याचा पासवर्ड रिकामा करता येत होता, आणि मग सगळं डोमेनच हल्लेखोराच्या हाती जायचं.

म्हणून प्रत्येक संगणक-खात्याच्या स्टेटसमागे डिरेक्टरीत असलेला मूळ आकडा बघा. ४०९६ म्हणजे डोमेनमधला साधा संगणक. त्यात २ मिळवले की ४०९८, खातं बंद. ४०९६मध्येच ३२ मिळवले की ४१२८: खातं चालू, आणि त्याला पासवर्ड नसला तरी चालेल अशी मुभा. यादीत ४०९६ आणि ४१२८ दोन्ही एनेबल्डच दिसतात. ५३२४८० हा आकडा डोमेन कंट्रोलरवर स्वाभाविक आहे. पण साध्या सर्व्हरवर ५२८३८४ दिसला, तर हातातलं काम बाजूला ठेवा. त्या सर्व्हरला अमर्याद डेलिगेशन दिलेलं आहे. त्याच्याशी जोडल्या जाणाऱ्यांची कर्बेरोस तिकिटं त्याच्या मेमरीत राहू शकतात, मग तो जोडणारा डोमेन अ‍ॅडमिन का असेना.

आता तारखा. विंडोज संगणक आपला पासवर्ड एरवी दर ३० दिवसांनी स्वतःच बदलतो. कपाटात बंद पडलेला लॅपटॉप बदलत नाही, आणि डिरेक्टरी त्याचं खातं त्या कारणानं बंदही करत नाही. शेवटच्या लॉगिनच्या दोन नोंदी असतात. एक त्या-त्या डोमेन कंट्रोलरपुरतीच राहते. दुसरी सगळीकडे पोचते, पण मूळ सेटिंगनुसार ती १४ दिवसांपर्यंत मागे असू शकते. त्यामुळे काल वापरलेला संगणक यादीत दहा दिवस जुना दिसला, तर त्यात बिघाड काही नाही.

काही खात्यांमागे यंत्रच नसतं. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये पासवर्ड न विचारता प्रवेश मिळावा म्हणून एक संगणक-खातं तयार होतं. त्याचा पासवर्ड माणसानं बदलावा लागतो. क्लस्टरसाठी आगाऊ तयार केलेलं खातं तर मुद्दाम बंद ठेवतात. नव्वद दिवसांत लॉगिन नसलेलं खातं पुसायचं, असा नियम लावून स्क्रिप्टनं सरसकट सफाई केली, की अशी खातीही त्यात जातात. शिवाय बिटलॉकरच्या रिकव्हरी की डिरेक्टरीत ठेवलेल्या असतील, तर त्या संगणक-खात्याच्या पोटातच असतात. खातं पुसलं की त्याही जातात.

माझी विनंती एवढीच. यादीत मूळ आकडा, पासवर्ड बदलल्याची तारीख, शेवटच्या लॉगिनची तारीख आणि त्या खात्याला जबाबदार असलेल्या माणसाचं नाव ठेवा. नावाची जागा रिकामी असेल तर त्या ओळीवर निर्णय घेऊ नका. शंका असेल तिथे खातं आधी बंद करा, काही आठवडे थांबा, रिकव्हरी की वेगळ्या जपून ठेवा, आणि मगच पुसा.