रानवाटेची बग्गी आणि आपला भाता
(हसनाबाद येथील समाजमेळाव्यात केलेले भाषण)



बग्गी म्हटली की वरातीतील घोड्याची बग्गी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. आज आम्ही जिच्याविषयी बोलणार आहोत, तिला घोडा नाही आणि सजावटही नाही. लोखंडी नळ्यांचा पिंजरा, त्यात एक इंजिन, एक-दोन माणसांची बैठक आणि चार दणकट चाके, एवढाच तिचा संसार. सडक संपते तेथे तिचे काम सुरू होते. अशा कित्येक बग्ग्या घडविणाऱ्याने आपल्या कल्पनेप्रमाणे एकेकट्या घडविलेल्या असतात. आपल्या सुतार-लोहार मंडळींनी हा विषय परका मानू नये, कारण खाचखळग्यांतून चाक कसे न्यावे हा प्रश्न आपल्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोडविलेला आहे.

बैलगाडीचेच पाहा. तिचे चाक मोठे असते, म्हणून लहान खड्डा त्याला जाणवत नाही. आरे, तुंबा आणि तापवून चढविलेली धाव यांमुळे ते ओझे पेलते. गाडीचा आस स्थिर असून दोन्ही चाके त्यावर आपापल्या परीने फिरतात. वळणावर बाहेरचे चाक अधिक धावते, आतले कमी. दोघांत भांडण होत नाही. बैल गाडीला ओढतात, चाकांना फिरवीत नाहीत, हे त्यातील मर्म होय.

इंजिन आले आणि चाकांनाच फिरविण्याची वेळ आली. दोन्ही चाके एका दांड्यावर घट्ट बसविली तर वळताना एक चाक घासत जाणार. त्यावर डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची योजना निघाली. परंतु तिलाही एक खोड आहे. ती दोन्ही चाकांना सारखेच बळ देते. त्यामुळे चिखलात गेलेल्या चाकाला जेवढे पेलते, तेवढेच कोरड्यावरील चाकाच्या वाट्याला येते. आपल्या भोकरदन तालुक्यातील काळ्या रानात पावसाळ्यात ट्रॅक्टर रुततो, एक चाक गरगर फिरते आणि दुसरे स्वस्थ उभे राहते, ते याच कारणाने. अशा वेळी दोन्ही चाकांना एकत्र बांधणारे कुलूप ट्रॅक्टरला दिलेले असते, हे शेतकरी बंधूंना ठाऊक आहेच.

या एका अडचणीवर जगातील कारागिरांनी नाना तऱ्हा काढल्या. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीने १९६० च्या सुमारास एका लहान मोटारीला पुढे एक व मागे एक अशी दोन इंजिने बसविली. झेकोस्लोव्हाकियातील टाट्रा कंपनीने मधोमध एक जाड नळी हाच गाडीचा कणा केला आणि दोन्ही बाजूंचे अर्धे आस पक्ष्याच्या पंखांप्रमाणे हलते ठेवले; एक चाक दगडावर चढले तरी दुसरे जमीन सोडीत नाही. जर्मनीच्या युनिमॉगमध्ये आस चाकाच्या मध्यापेक्षा वर ठेवून दातेरी चाकांनी बळ खाली उतरविले, त्यामुळे गाडीचे पोट दगडाला लागत नाही. अमेरिकेत ब्रूस मेयर्स यांनी १९६४ मध्ये फोक्सवॅगनच्या साहित्यावर वाळूत पळणारी बग्गी उभी केली. इंजिनाचा भार मागच्या चाकांवर असल्याने ती दोनच चाकांच्या बळावर वाळू तुडवीत गेली.

आपल्या देशात २००७ पासून ‘बाहा’ नावाची स्पर्धा भरू लागली व तिचा आरंभ इंदूरजवळील पिथमपूर येथे झाला. तिच्यात अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बग्गी आखतात आणि घडवितात; महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांचे संघ तेथे उतरले आहेत. पेट्रोलच्या बग्ग्यांच्या शर्यतीत सर्वांना सारख्याच बळाचे लहान इंजिन दिले जाते. म्हणजे जय-पराजय इंजिनावर नव्हे, तर चाकांच्या झुलत्या मांडणीवर आणि बळ वाहून नेण्याच्या युक्तीवर ठरतो. पुष्कळ संघ बिनगिअरच्या स्कूटरमधील पट्ट्याची योजना वापरतात. वेग वाढला की कप्पीतील वजने बाहेर सरकतात, कप्पीच्या दोन बाजू जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. गिअर न बदलता गती बदलते. मात्र गाडीची तपासणी आधी होते. ब्रेक दाबताच चारही चाके जागच्या जागी आवळली गेली नाहीत, तर गाडी शर्यतीत उतरू शकत नाही.

आता आपल्या जवळचे उदाहरण. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील श्री. दत्तात्रय लोहार यांनी जुन्या गाड्यांच्या भंगारातून एक चिमुकली चारचाकी घडविली. दुचाकीप्रमाणे पायाने किक मारून ती सुरू होते. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती श्री. आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या गाडीच्या बदल्यात लोहार कुटुंबाला नवी बोलेरो दिली. कौतुक करतानाच त्यांनी ही गाडी नियमांत बसत नाही हेही स्पष्ट सांगितले होते. भंगारातून जोडलेल्या ‘जुगाड’ गाड्यांनाही मोटार वाहन कायदा लागू आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेला आहे.

बंधुभगिनींनो, या दोन उदाहरणांत आपल्या समाजाची दुखरी नस आहे. एकीकडे हात आहे, पण त्याच्या कामावर मापाचा शिक्का नाही; दुसरीकडे कागदावरचे गणित आहे, पण त्याला भात्याची ऊब ठाऊक नाही. आपल्या घरांतही हेच घडते आहे. शिकलेला मुलगा वडिलांच्या ऐरणीपाशी उभे राहण्यास लाजतो, आणि ऐरणीपाशी राहिलेल्या मुलाला आपण शिकवीत नाही. सांधा किती भार सोसेल, हे ठोकून पाहणाऱ्याला अंदाजाने कळते. परंतु त्या सांध्यावर माणसाचा जीव बसणार असेल, तेव्हा अंदाज पुरत नाही. आणि ज्याने कधी लोखंड लाल होताना पाहिले नाही, त्याचे गणितही पहिल्या खड्ड्यात उघडे पडते.

म्हणून आमची विनंती दोनच गोष्टींची आहे. कारखान्यात हात बसलेल्या मुलास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा तंत्रनिकेतनात पाठवावे. आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलास, तसेच मुलीसही, सुटीत भट्टीपाशी उभे करावे. हौसेने कोणी गाडी घडविली तर ती आपल्या रानात चालवून पाहावी. परवानगीवाचून सडकेवर आणू नये, मुलाबाळांना तिच्यात बसवू नये.

गाडीचा आस घडविणाऱ्या घरांतून उद्याच्या बग्गीचा आस निघावा, आणि त्यावर मापाची खूणही आपल्याच मुलांनी करावी, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.