आभासी रुग्ण आणि उद्याचे वैद्य
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपल्या ज्ञातीतील कित्येक मुले-मुली आज वैद्यकीचे शिक्षण घेत आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु एक प्रश्न आम्हांस नेहमी अस्वस्थ करतो. शिकाऊ हाताची पहिली सुई, पहिली चीर कोणाच्या देहावर पडावी? आजवर ती बहुधा सार्वजनिक रुग्णालयातील गरिबाच्याच वाट्यास आली. पैसा नाही म्हणून आपला देह दुसऱ्याच्या सरावासाठी द्यावा लागणे, हा न्याय नव्हे.

प्राचीनांनी हा विचार केला होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय 'योग्या' म्हणजे हस्ताभ्यास याविषयीच आहे. छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांवर करावा. शिरावेधाचा कमळाच्या देठावर आणि पट्ट्या बांधण्याचा पुतळ्यावर करावा, असे तेथे सांगितले आहे. पुष्कळ शास्त्र ऐकलेला, पण हात न बसलेला वैद्य कर्मास अयोग्य, असा त्याचा निर्वाळा आहे.

त्या कोहळ्याच्या जागी आता संगणक आला आहे. विद्यार्थी हत्यारांच्या मुठी धरतो आणि समोरच्या पडद्यावर आभासी शस्त्रक्रिया करतो. हात चुकला तर यंत्र ती चूक नोंदविते; प्राण मात्र कोणाचे जात नाहीत, आणि धडा पुन्हा पहिल्यापासून गिरविता येतो. अमेरिकेतील येल विद्यापीठातील प्रयोगाचा वृत्तान्त २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात १६ शिकाऊ शस्त्रवैद्य होते. ज्यांनी आधी यंत्रावर सराव केला, त्यांनी खऱ्या रुग्णाचे पित्ताशय सोडविण्याचे काम २९ टक्के लवकर केले. सराव न केलेल्यांच्या चुका त्यांच्या सहापट भरल्या. आपल्या देशातही २०१९ च्या नव्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमाने कौशल्य-प्रयोगशाळेस स्थान दिले आहे.

तथापि यंत्रास वेदना नाही, भीती नाही, घरी वाट पाहणारी लेकरे नाहीत. रुग्णाचा हात हाती घेऊन धीर देणे हे खाटेशेजारीच शिकावे लागते.

म्हणून पालकांनो, महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका. तेथील प्रयोगशाळेचे कुलूप किती वेळा उघडते, ते विचारा. आणि विद्यार्थ्यांनो, चुका यंत्रापाशी करा, माणुसकी मात्र रुग्णापाशी शिका.